व्होल्टेज आणि करंट मोजला, आता रोध आणि वॅट कसे काढायचे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात मोटर रिवाइंडिंगच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. दुकानात मोटर घेऊन येणारे शेतकरी, मागवाले, आयटीआयची मुलं आणि दहावीतल्या मुलांचे पालक यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांत हातात मीटर आहे पण आकड्यांचं काय करायचं ते कळत नाही, अशा प्रत्येकासाठी हे आहे.

व्होल्टेज, करंट, रोध आणि वॅट यांत नेमका फरक काय?

आपल्याकडे वीज गेली की "करंट गेला" म्हणतात. हिशेबाला बसलात की हा शब्द घोळ घालतो. खरं म्हणजे तेव्हा गेलेलं असतं व्होल्टेज. व्होल्टेज म्हणजे ढकलणारा जोर, तो व्होल्टमध्ये मोजतात. त्या जोरामुळे तारेतून प्रत्यक्ष जे वाहतं तो करंट, म्हणजे पुस्तकातली विद्युतधारा. तो अँपिअरमध्ये. वाहण्याला होणारा अडथळा म्हणजे रोध किंवा रेझिस्टन्स, तो ओहममध्ये. आणि दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते वॅट सांगतात.

घरातला प्लग रिकामा असतो तेव्हा तिथे २३० व्होल्ट असतात आणि करंट शून्य. पाणी तापवायचा रॉड लावला की करंट सुरू होतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

सूत्रं किती पाठ करायची?

दोनच.

रोध = व्होल्टेज ÷ करंट
वॅट = व्होल्टेज × करंट

पहिलं जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांच्या १८२७ च्या कामातून आलं, म्हणून एककाला त्यांचं नाव आहे. बाकी सगळी सूत्रं या दोघांतूनच निघतात. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध; हे दुसऱ्या सूत्रात घातलं की वॅट = करंट × करंट × रोध. करंट माहीत नसेल तर वॅट = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध. मुलांकडून सहा सूत्रं घोकून घेण्यापेक्षा ही दोन एकमेकांत कशी बसतात ते एकदा कागदावर करून घ्या.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

पाणी तापवायचा रॉड घेऊ. पाटीवर १५०० वॅट, २३० व्होल्ट लिहिलेलं असतं.

करंट = १५०० ÷ २३० = सुमारे ६.५ अँपिअर.
रोध = २३० ÷ ६.५२ = सुमारे ३५.३ ओहम.

रॉड प्लगमधून काढून, गार झाल्यावर मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन पिनांमध्ये मोजा. याच्या आसपासच आकडा येतो. मीटरच्या वायरींचाही थोडा रोध असतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा दिसेल तो वजा करायचा. रॉडमध्ये ही वजाबाकी किरकोळ ठरते, मोटरच्या वाइंडिंगमध्ये मात्र ती टाळून चालत नाही.

व्होल्टेज कमी असताना रॉड लावला तर वीज वाचते का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सगळ्यांचा अंदाज चुकतो. डिसेंबरातल्या थंडीत पहाटे गावभर रॉड आणि गिझर एकदम सुरू होतात आणि लाइनच्या शेवटच्या घरात व्होल्टेज खाली येतं. समजा १८० झालं. रॉडचा रोध तोच राहतो, ३५.३ ओहम.

करंट = १८० ÷ ३५.३ = ५.१ अँपिअर.
वॅट = १८० × ५.१ = ९१८.

पंधराशे वॅटचा रॉड साडेनऊशेलाही पोचत नाही. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी उतरलं, ताकद मात्र जवळपास एकोणचाळीस टक्क्यांनी उतरली, कारण व्होल्टेज स्वतःलाच गुणलं जातं. म्हणजे रॉड विकणाऱ्याने फसवलेलं नसतं. पाटीवरचे वॅट २३० व्होल्टचे असतात, तुमच्या घरात त्या वेळी तेवढे व्होल्ट नसतात, इतकंच.

आता विजेचा हिशेब. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.५८ युनिट लागतं. पूर्ण व्होल्टेजवर हे काम साधारण २३ मिनिटांत होतं, १८० व्होल्टवर ३८ मिनिटांत. युनिट तेवढंच. उलट जास्त वेळ लागल्याने हवेत थोडी उष्णता जाते, ती वेगळी. बचत काहीच नाही, फक्त आंघोळीला उशीर.

आणि रॉड सुरू असताना पाण्यात बोट घालून बघायचं नाही. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग हात. हे घरात लहानांना आणि मोठ्यांनाही सांगा.

मोटरच्या वाइंडिंगचा रोध ३ ओहम आला. २३० ÷ ३ म्हणजे ७६ अँपिअर. पण मीटर ६ अँपिअर दाखवतो. कोण चुकतंय?

कोणीच नाही. सूत्र चुकीच्या जागी वापरलंय. आयटीआयच्या मुलांची सगळ्यात मोठी अडचण ही.

रॉड ही साधी तापणारी तार आहे. मोटर तशी नाही. तिच्यात तारेचे वेढे लोखंडावर आहेत, आणि वीज एसी आहे, सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होणारी. वेढ्यांमुळे तयार होणारं चुंबकत्व स्वतःच करंटला विरोध करतं. शिवाय रोटर फिरायला लागला की आतूनच उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं, ते बाहेरच्या २३० ला थोपवून धरतं. मल्टिमीटर मोजतो तो फक्त तांब्याचा रोध. हा बाकीचा विरोध त्याला दिसत नाही.

मोटर अडकली, पंपात गाळ भरला, शाफ्ट जाम झाला, की उलट व्होल्टेज तयारच होत नाही आणि करंट नेहमीच्या चार ते सहापट जातो. म्हणून जाम मोटर "हुंऽऽ" आवाज करते आणि काही मिनिटांत वार्निशचा वास येतो.

मग तो ३ ओहमचा आकडा काहीच कामाचा नाही का?

फार कामाचा आहे, फक्त वेगळ्या कामासाठी.

एक, वाइंडिंगमध्ये किती उष्णता तयार होते ते कळतं. ६ × ६ × ३ = १०८ वॅट. हे वॅट पाणी उपसत नाहीत, फक्त तांबं तापवतात.

दोन, तुलना. तीन फेजच्या मोटरमध्ये तिन्ही वाइंडिंगचे आकडे सारखे यायला हवेत. एक कमी आला तर आत वेढे एकमेकांना चिकटलेत. एकात मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे.

तीन, बोअरच्या सिंगल फेज मोटरच्या तीन वायरी ओळखायला. पॅनलकडे आलेल्या तीन वायरींवरचे रंग पुसले गेले असतील तर दोन-दोन वायरी घेऊन तीन रोध मोजा. समजा ३, ७ आणि १० आले. सगळ्यात मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका असतो. तो ज्या दोन वायरींमध्ये आला त्या रनिंग आणि स्टार्टिंग, उरलेली कॉमन. कॉमनपासून कमी रोध दाखवणारी रनिंग, जास्त दाखवणारी स्टार्टिंग. पन्नास फूट पाइप न काढता ही ओळख पटते. म्हणून मी प्रत्येक शिकाऊ मुलाकडून हे आधी करून घेतो.

वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध मात्र साध्या मल्टिमीटरने बघून समाधान मानू नका. त्याला मेगर (इन्सुलेशनचा रोध जास्त व्होल्टेज लावून मोजणारं मीटर) लागतो, आणि आकडा मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या पटीत यावा लागतो.

मोटरचे खरे वॅट कसे काढायचे?

व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने गुणायचं. त्या गुणाकाराचा किती भाग खरे वॅट असतो ते सांगणारा हा आकडा, मोटरला एकपेक्षा कमी. सिंगल फेजला: २३० × ६ × ०.९ = १२४२ वॅट. तीन फेजला त्यात आणखी १.७३२ ने गुणायचं, आणि व्होल्टेज दोन फेजमधलं घ्यायचं, म्हणजे ४१५ च्या आसपासचं.

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारे. लाइनमधून मोटर त्याहून जास्त घेते. पाच एचपीची मोटर ३७३० वॅट देते; कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ती सुमारे ४३९० वॅट ओढते. वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांनी लोड मोजताना एचपीला नुसतं ७४६ ने गुणून थांबू नये, लहान मोटरची कार्यक्षमता आणखी कमी असते.

कमी व्होल्टेजवर रॉड कमी करंट घेतो, मग मोटर जास्त का घेते? आणि जळते का?

कारण पंपाला पाणी तेवढंच वर चढवायचं असतं. मोटर जवळपास त्याच वेगाने फिरत राहते आणि लाइनमधून तेवढेच वॅट मागते. व्होल्टेज कमी मिळालं की उरलेली भर करंटने काढते.

वरचीच पाच एचपीची मोटर घ्या, पॉवर फॅक्टर ०.८५. ४१५ व्होल्टवर करंट सुमारे ७.२ अँपिअर. ३४० व्होल्टवर, बाकी सगळं तेवढंच धरलं तर, सुमारे ८.८. वाढ बावीस टक्क्यांची दिसते. पण वाइंडिंगमधली उष्णता करंट गुणिले करंटने वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. बाहेरून मोटर नीट चालतेय असं वाटतं, आतलं इन्सुलेशन मात्र भाजत असतं.

कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाची वीज शेतकऱ्याला मोफत आहे. बिल येत नाही, म्हणून अँपिअरकडे कुणी बघत नाही. जळालेल्या मोटरचं तांबं आणि मजुरी मात्र शेतकऱ्याच्याच खिशातून जाते. ऊस पाण्यावर आला असताना चार दिवस मोटर दुकानात पडून राहिली तर होणारं नुकसान कुठल्याच पावतीवर येत नाही. ते मी समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बघितलंय. म्हणून माझी कळकळीची विनंती: गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एक क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) घ्या. पाटीवरचे अँपिअर खडूने स्टार्टरच्या पेटीवर लिहा. महिन्यातून एकदा तिन्ही फेजचा करंट बघा. पाटीपेक्षा जास्त येत असेल किंवा तीन फेजमध्ये मोठा फरक असेल, तर मोटर बंद करून वायरमनला बोलवा. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) पाटीवरच्या आकड्यावर लावा. सारखा ट्रिप होतो म्हणून तो वर सरकवून ठेवू नका.

घरापासून विहिरीपर्यंत कुठली वायर टाकू?

समजा अंतर १०० मीटर आणि सिंगल फेजची दीड एचपी मोटर ९ अँपिअर घेते. वीज जाते आणि परत येते, म्हणून तारेची लांबी २०० मीटर धरायची. इथेच बहुतेकांची चूक होते.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम. जाडी वाढली की तेवढ्या पटीने कमी.

दीड चौरस मिलिमीटर: रोध २.३ ओहम, वाटेत सुमारे २०.६ व्होल्ट पडतात, १८६ वॅट तारेतच तापून जातात.
अडीच: १.३८ ओहम, १२.४ व्होल्ट, १११ वॅट.
चार: ०.८६ ओहम, ७.७ व्होल्ट, ७० वॅट.

घराजवळच २०० व्होल्ट असतील आणि दीडची वायर असेल, तर विहिरीवर १८० सुद्धा नीट मिळत नाहीत. अशा ठिकाणी मी चारचीच वायर सांगतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण दीडपटीहून जास्त, तेव्हा ती घेतली तर जाडीही तशी वाढवा. आणि व्होल्टेज घरात बघून समाधान मानू नका. मोटर चालू असताना, मोटरच्या टोकाशी मोजा.

खांबावरच्या मोठ्या लाइनीत ११,००० व्होल्ट का, याचंही उत्तर हेच. ४१५ च्या जागी ११,००० ठेवले की तेवढ्याच वॅटला करंट सुमारे २६ पटीने कमी होतो, आणि त्याच तारेतला तोटा सुमारे ७०० पटीने.

जुन्या १०० वॅटच्या बल्बचा रोध हिशेबाने ५२९ ओहम येतो, मीटरवर ४० च्या आसपास. का?

हिशेबाचा रोध पेटलेल्या बल्बचा, मीटरवरचा गार बल्बचा. टंगस्टन तापलं की त्याचा रोध दहा-पंधरा पट वाढतो. म्हणूनच जुना बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच जायचा. रॉडमधलं निक्रोम तापल्यावर फारसं बदलत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही आकडे जुळतात.

एलईडी बल्बचा रोध?

काढू नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, व्होल्टेज भागिले करंट करून येणारा आकडा काही सांगत नाही. वॅट पाटीवरून घ्या.

गणपतीच्या मंडपाचा लोड कसा मोजायचा?

सगळ्या वस्तूंचे वॅट मिळवा आणि २३० ने भागा. ४०० वॅटचे आठ फोकस म्हणजे ३२०० वॅट, १३.९ अँपिअर. साउंडचे २००० वॅट म्हणजे ८.७. एकूण साडेबावीस अँपिअरच्या वर. हे सगळं अडीचच्या एकाच वायरवर टाकू नका, दोन वेगळ्या वायरी ओढा, दोन वेगळे एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) लावा. उरलेली वायर रीळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका. उघड्या वायरची उष्णता हवेत जाते, गुंडाळलेलीची आतच कोंडते आणि इन्सुलेशन वितळतं. मंडपात कापड, थर्माकोल आणि गर्दी असते. कनेक्शन रीतसर तात्पुरतं घ्या, लाइनवर आकडा टाकून वीज घेऊ नका.

जुन्या पद्धतीच्या बल्बच्या माळेबद्दलही मुलं विचारतात. चाळीस बल्ब एकामागे एक असतील तर प्रत्येकाला २३० ÷ ४० = ५.७५ व्होल्ट मिळतात. एक गेला की सगळी माळ बंद. मग मुलं गेलेले बल्ब काढून तारा पिळून जोडतात. दहा बल्ब असे वगळले की उरलेल्या तिसांना ७.६७ व्होल्ट मिळतात आणि प्रत्येकाचे वॅट जवळपास पावणेदोनपट होतात. माळ छान उजळते, आणि दोन दिवसांत पूर्ण जाते.

वॅटवरून युनिट कसे काढायचे?

वॅट × तास ÷ १०००. दीड हजार वॅटचा रॉड रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला साडेबावीस युनिट. ७५ वॅटचा जुना पंखा रोज दहा तास, तेवढेच साडेबावीस. ३० वॅटचा नवा पंखा त्याच वेळेत नऊ.

कर्नाटक सरकारच्या घरगुती मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत कमाल मर्यादा महिन्याला २०० युनिटची आहे, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा. ती ओलांडली तर पूर्ण बिल भरावं लागतं. तेव्हा घरातल्या मोठ्या वस्तूंचा असा हिशेब एकदा मांडून बघणं खरंच उपयोगाचं आहे.

मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता. पुढे कन्नड पुस्तकं वापरतो. शब्द जुळतात का?

बरेचसे जुळतात. रोध आणि विभवांतर (म्हणजे आपलं व्होल्टेज) हे शब्द कन्नडमध्येही तसेच आहेत, तिथे घाबरायचं कारण नाही. पण एका शब्दाला जपा. मराठीत "विद्युत शक्ती" म्हणजे वॅटमध्ये मोजायची ती, आणि युनिटमध्ये मोजायची ती "ऊर्जा". कन्नड विज्ञानात "शक्ती" म्हणजे आपली ऊर्जा, आणि वॅटवाल्या राशीला "सामर्थ्य" म्हणतात. हुशार मुलं इथे मार्क घालवतात, गणित येत असूनही. उपाय सोपा: शब्दाकडे न बघता एकक बघायचं. वॅट विचारलंय की ज्यूल (ऊर्जेचं पुस्तकातलं एकक), यावर उत्तर ठरतं.

मोजताना काय सांभाळायचं?

रोध मोजताना वीज पूर्ण बंद, आणि कंडेन्सर असेल तर तो आधी डिस्चार्ज केलेला. व्होल्टेज मोजताना मीटर समांतर. करंट मोजताना मीटर एकसरीत, किंवा क्लॅम्प मीटर एकाच वायरभोवती. दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर शून्य दाखवतो.

शिकाऊ असताना मी एका कारखान्यात करंट मोजून झाल्यावर वायर १० अँपिअरच्या छिद्रातच ठेवली आणि तशीच टोकं फेज-न्यूट्रलला लावली. त्या छिद्रामागचा रोध समजा ०.०१ ओहम. २३० ÷ ०.०१ म्हणजे कागदावर २३,००० अँपिअर. प्रत्यक्षात लाइन आणि फ्यूज तेवढं जाऊ देत नाहीत, पण जे गेलं त्याने मीटरचं टोक वितळलं आणि माझ्या तळहाताची कातडी भाजली. तेव्हापासून करंट मोजून झाला की वायर व्होल्टच्या छिद्रात परत घालूनच मी मीटर खाली ठेवतो.

शरीराचा रोध किती असतो?

कोरड्या कातडीचा हजारो ओहम, ओल्याचा हजारापर्यंत उतरतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जीव घ्यायला याहून बराच कमी पुरतो. घराचा आरसीसीबी (करंट शरीरातून किंवा जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला तुटतो तो यासाठीच. एमसीबी इथे वाचवत नाही, त्याला कित्येक अँपिअर लागतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात भिंती महिनोन्महिने ओल्या असतात, तिथे आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

मोबाईलच्या चार्जरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलंय. म्हणजे रोध अडीच ओहम?

तो चार्जरचा रोध नाही. चार्जर जास्तीत जास्त २ अँपिअर, म्हणजे १० वॅट देऊ शकतो एवढाच त्याचा अर्थ. किती घ्यायचं ते फोन ठरवतो. बॅटरी भरत आली की तोच फोन अर्धा अँपिअरही घेत नाही.